मे महिन्यात हीटर लावून बघा

शुक्रवार

बी-३०४: नमस्कार मंडळी. सोसायटीत गाडीतलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज सांगा. काल महेश्वरहून परत येताना धामनोद सोडलं आणि मानपूरच्या घाटात टेम्परेचरचा काटा सरळ लालपर्यंत गेला. बाजूला थांबलो, थोड्या वेळाने खाली आला, चढ लागला की पुन्हा वर. आई आणि दोन्ही मुलं गाडीत होती, फार घाबरलो. मागच्याच आठवड्यात रेडिएटरचा वरचा होज पाइप बदलून नवीन कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) घातलंय. कूलंटची बाटली मॅक्सपर्यंत भरलेली आहे. गळती कुठेच दिसत नाही.

सी-२०५: दादा, थर्मोस्टॅट वॉल काढून टाका. माझ्या जुन्या गाडीचा काढला होता. इंदूरच्या उन्हाळ्यात त्याची गरजच नाही म्हणाला मेकॅनिक.

ए-१०२ काका: २०५, असं करू नका आणि कुणाला सुचवूही नका. इंजिन गार असताना तो वॉल रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो आणि तापलं की उघडतो. वॉल काढला की इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, आणि मूळ दुखणं आहे तिथेच राहतं. ३०४, पाइप बदलल्यापासून सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो का?

बी-३०४: येतो काका! मला वाटलं एसीचं पाणी असेल.

ए-१०२ काका: आत्ता खाली जाऊ शकाल? गाडी पार्किंगमधून बाहेर उघड्यावर घ्या. इंजिन सुरू करून काटा मधोमध येऊ द्या. एसी बंद, हीटरची कळ पूर्ण गरमवर, पंखा दोनवर. हाताला हवा कशी लागते ते सांगा.

सी-४०१ ताई: काका, मे महिन्यात हीटर?

ए-१०२ काका: हो ताई, मुद्दाम. हीटरला वेगळं काही इंजिन नसतं, इंजिनचंच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं. पुष्कळ गाड्यांत ती जाळी सगळ्या पाइपांपेक्षा उंचावर असते. हवा वर चढते, म्हणून आधी तिथेच जाऊन बसते.

बी-३०४: बघून आलो. काटा मधोमध. हवा मिनिटभर कोमट आली, मग साधीच. गरम अशी नाहीच.

ए-१०२ काका: मग सिस्टीमने एअर धरली आहे, म्हणजे कूलंटच्या वाटेत हवा अडकली आहे. जरा मोठं लिहितो, पण पूर्ण वाचा.

तुमच्या गाडीत रेडिएटरवर वेगळं झाकण आहे आणि बाजूला पांढरी बाटली. बाटली भरलेली आहे म्हणजे इंजिन भरलेलं आहे असं नाही. इंजिन तापलं की कूलंट फुगतं, झाकणातली स्प्रिंग उचलली जाते आणि जास्तीचं कूलंट बाटलीत जातं. गार झालं की त्याच झाकणातला दुसरा, छोटा वॉल उघडतो आणि बाटलीतलं परत ओढून घेतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा मधली नळी चिरली असेल तर कूलंटऐवजी बाहेरची हवा ओढली जाते. म्हणून भरायचं ते रेडिएटरच्या तोंडातून, आणि सावकाश. घाईत ओतलं की रेडिएटर वरून भरलेला दिसतो, पण थर्मोस्टॅट बंद असल्यामुळे इंजिनच्या आत हवा कोंडून राहते.

वॉटर पंपाच्या पात्याला पाणी फेकता येतं, हवा नाही. तिथे हवा आली की पातं नुसतं फिरतं. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, जिथे हवेचा फुगा अडकतो तिथे धातूला कूलंट लागतच नाही, तेवढी जागा भट्टीसारखी तापते, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याच्या खालचं सील, म्हणजे गॅस्केट, जातं. आणि काट्यावर भरवसा ठेवू नका. टेम्परेचरचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असला तरच खरं सांगतो. हवेत राहिला की काटा कमी दाखवतो आणि मग एकदम उडी मारतो. घाटात तो वर गेला हे तुमचं नशीब.

गाडी आता चालवू नका. आणि गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. आत दाब असतो. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी, वर तो दाब, म्हणून ते १०० अंशांच्या पुष्कळ वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं.

सी-४०१ ताई: बाप रे. हे आमच्या ह्यांना वाचून दाखवते.

सेक्रेटरी: काकांनी पीथमपूरला उमेदीची सगळी वर्षं इंजिनांवर घालवली आहेत. ते सांगतात ते ऐका.

शनिवार

ए-१०२ काका: ३०४, गॅरेजच्या बिलावर कूलंट किती लिटर लिहिलंय?

बी-३०४: ३ लिटर. मॅन्युअल काढून बघितलं, त्यात ४.५ आहे.

ए-१०२ काका: थोडं जुनं इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं, त्यामुळे पूर्ण ४.५ जाणार नाही. पण फरक बराच आहे. १ लिटर आणून ठेवा, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच जातीचं. हिरवं, लाल असल्या रंगावर जाऊ नका, रंग कंपनी कुठलाही टाकते. तयार मिसळलेलं मिळालं तर उत्तम. नाहीतर बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर घ्या. आपल्या बोअरचं पाणी अजिबात नको, बादलीवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरमध्ये बसतो. आणि नवीन झाकण घ्या, जुन्यावर दाबाचा जो आकडा आहे तोच. ०.९ च्या जागी १.१ नको.

सी-२०५: काका, माझ्या गाडीत रेडिएटरला झाकणच नाही, फक्त बाटलीला आहे.

ए-१०२ काका: तुमच्याकडे बाटलीच दाबाखाली असते, त्यामुळे बाटलीतूनच भरायचं. तशा काही गाड्यांत वरच्या पाइपाजवळ एअर काढायचा छोटा स्क्रू असतो. बुडबुडे थांबून कूलंटची अखंड धार आली की बंद करायचा, हलक्या हाताने. प्लास्टिकचा असेल तर जोर लावला की तुटतो.

उद्या सकाळी ७ वाजता बेसमेंटच्या रॅम्पवर भेटू. बाहेरचं टोक, जिथे उघडं आहे. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही.

रविवार

सेक्रेटरी: सकाळी ९ पर्यंत रॅम्प अर्धा अडलेला राहील, कृपया दुसऱ्या गेटने या.

बी-३०४: गाडीचं तोंड चढाकडे लावलंय, हँडब्रेक, चाकांमागे विटा. झाकण उघडलं, इंजिन रात्रभर गार होतं. आतली पातळी दोन बोटं खाली! बाटली मात्र मॅक्सवर. झाकणाच्या रबराला बारीक चिरा आहेत.

सी-४०१ ताई: आमची लेक तिचा स्कॅनर घेऊन खाली आलीये, त्यावर इंजिनचं टेम्परेचर दिसतं. ती आकडे टाकेल माझ्या फोनवरून.

सी-४०१ ताई: ७.२५, तोंडापर्यंत भरलं, इंजिन आयडलवर, हीटर पूर्ण गरम. ६१ अंश. काका वरचा होज दाबतायत, सोडतायत. बारीक बुडबुडे येतायत.

सी-४०१ ताई: ७९. वरचा होज अजून साधाच. काका म्हणाले थांबा, थर्मोस्टॅट उघडला नाही.

सी-४०१ ताई: ८७ वरून एकदम ८०! होज हात ठेववेना. मोठा बुडबुडा आला, पातळी धपकन खाली गेली. काका हळूहळू ओततायत. सगळ्यांना रेडिएटरच्या पंख्यापासून लांब उभं केलंय, तो स्वतःहून सुरू होतो.

बी-३०४: हीटरमधून गरम हवा! भाजेल इतकी. खळखळ बंद.

सी-४०१ ताई: पंखा ९६ ला लागला, ९१ ला बंद. दुसऱ्यांदाही तसंच. आता बुडबुडे नाहीत. नवीन झाकण लावलं. एकूण जवळजवळ पाऊण लिटर जास्त गेलं.

ए-१०२ काका: छान टिपलंस बाळा. पाऊण लिटर म्हणजे तेवढी हवा इंजिनात फिरत होती. बुडबुडे थांबलेच नसते, तर मी हेड गॅस्केट तपासायला सांगितलं असतं. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसत असेल तर कितीही एअर काढा, येतच राहते.

एक राहिलं. रॅम्पवर थोडं सांडलंय, ते आत्ताच भरपूर पाण्याने धुऊन काढा. कूलंट चवीला गोड लागतं, कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. उरलेली बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

बी-३०४: दोन बादल्या ओतल्या काका. गेटवरच्या मोतीला पलीकडे बांधलंय वाळेपर्यंत.

सोमवार

बी-३०४: काका, सकाळी गार इंजिनवर बघितलं. बाटलीतली पातळी मॅक्सपासून बोटभर खाली आलीये. पुन्हा काही बिघडलं का?

ए-१०२ काका: नाही, हे चांगलं लक्षण आहे. नवीन झाकण आता ओढून घेतंय, राहिलेल्या हवेची जागा कूलंटने घेतली. बाटली मॅक्सपर्यंत भरा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. दोन-तीन दिवसांत स्थिर व्हायला हवी. तोवर शहरातच चालवा, घाट नको.

बी-३०४: बरं. आई विचारतेय, संध्याकाळी घरी आहात ना? तुम्हाला आणि काकूंना पुरणपोळी पाठवते म्हणाली.

ए-१०२ काका: आहोत. येताना बिल आणि जुनं झाकण घेऊन ये. गॅरेजवाल्याशी मी बोलतो, त्या पोरालाही कुणीतरी नीट दाखवायला हवं.