मदत हवी आहे: इंग्रजीतला 'अहं' म्हणजे हो की नाही?

नमस्कार मंडळी,
मी इंग्लंडमध्ये लीड्सला एका वृद्धाश्रमात काम करते. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, मोठी वाक्यंही कळतात. अडतं ते हुंकारांपाशी.

परवा एका आजींना विचारलं, अजून चहा देऊ का? त्या म्हणाल्या, 'अहं'. मी कप उचलून घेऊन गेले. परत आले तर त्या कपाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलेल्या. त्यांना चहा हवा होता! आपल्याकडे 'अंहं' म्हणजे नको, हे कानात इतकं बसलंय की त्यांची मान होकारार्थी हलली होती का, हेही मी पाहिलं नाही. या आजी फारसं बोलत नाहीत. जे सांगायचं ते अशाच आवाजांतून सांगतात, म्हणून मला हे नीट शिकायचंच आहे.

इथले आजोबा 'आय' म्हणतात तेव्हा ते स्वतःबद्दल काही सांगताहेत असं वाटायचं. लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशरमध्ये 'आय' म्हणजे हो, 'टा' म्हणजे थँक्यू, हे सोबतच्या मुलीने सांगितलं. पण हुंकार कसे ओळखायचे? शब्दकोशात स्पेलिंग मिळतं, सूर मिळत नाही. आणि मी बोलत असताना कुणी 'म्हंम्' म्हणत राहिलं तर थांबायचं का?

प्रतिसाद:
ताई, ते दोन वेगळे आवाज आहेत. होकारात मध्ये 'ह' ऐकू येतो आणि सूर शेवटी बहुधा चढतो. नकारात 'ह' नसतोच. घसा क्षणभर बंद होऊन आवाज तुटतो, 'अ... अ', आणि दुसरा 'अ' खाली उतरतो. आपल्या नकारात 'ह' आहे, म्हणून कान फसतो.

'म्हंम्' आलं तर थांबू नका. गोष्ट ऐकताना आपण 'हुं' देतो, तसंच ते. 'ओ' म्हणजे 'अस्सं होय', नवीन काही कळल्याची खूण. चढत्या सुरातला 'हं?' म्हणजे आपला 'अं?'. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवलं की एकमेकींशी नातं नसलेल्या भाषांतही हा आवाज जवळपास सारखाच आहे. तरी वडीलधाऱ्यांशी तुम्ही 'सॉरी?' किंवा 'पार्डन?' म्हणा, नुसता 'हं?' उद्धट वाटतो.

एक सांभाळा: आपला 'च्च च्च' हळहळीचा असतो. तिकडे तोच आवाज बऱ्याचदा नापसंतीचा समजतात.

धागाकर्ती:
खूप आभार! 'च्च'चं ध्यानातच आलं नव्हतं. गेल्या आठवड्यात एक आजी पडल्याचं सांगत होत्या, तेव्हा माझ्या तोंडून ते कितीदा तरी निघालं. उद्या त्यांच्याजवळ बसून पुन्हा विचारपूस करते.

आज चहाचं विचारलं, तर मध्ये 'ह' होता आणि सूर वर गेला. मी कप भरून दिला. घोट घेऊन आजी लांब 'ऊऽऽ' म्हणाल्या. हा आवडल्याचाच ना?