मदत हवी आहे : आईचं पोटॅशियम ७.४ आलंय. ऍडमिट करू की परत तपासू?

सिंहगडरोडकर, सकाळी ११:१०
काल आईचं रुटीन चेकअप केलं. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. आज रिपोर्ट आला, त्यात पोटॅशियम ७.४. लॅबमधून फोनही आला की ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. आमचे डॉक्टर परगावी आहेत, ते फोनवर म्हणाले ऍडमिट करा. इकडे आई ठणठणीत. सकाळी थालीपिठं केली, आता म्हणते मला काही झालेलं नाही, मी कुठेही येणार नाही. ७.४ खरंच असेल तर माणूस असा हिंडताफिरता असतो का? वडगाव-धायरी भागात खात्रीची लॅब सुचवा. जरा लवकर.

मुग्धा२१, ११:१६
वय काय? गोळ्या कुठल्या? किडनीचं क्रिएटिनिन किती? नुसत्या एका आकड्यावर कोण काय सांगणार?

रानवारा, ११:१९
नारळपाणी, केळी, टोमॅटो आजपासून बंद. बटाटा आणि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायच्या. माझ्या मामांना याचा खूप उपयोग झाला.

नाना_सदाशिव, ११:२४
हे शंभर टक्के हिमोलिसिस आहे. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, मग दुचाकीवरून हादरे खात नमुना लॅबमध्ये. तांबड्या पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम बाहेर येतं. मलाही एकदा असंच ६.१ दाखवलं होतं, परत केलं तर ४.३. म्हणून मी कायम सांगतो, घरी रक्त द्यायचंच नाही. लॅबमध्ये जाऊन द्या.

सिंहगडरोडकर, ११:३१
वय ६८. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०, शिवाय थायरॉइडची गोळी. क्रिएटिनिन ०.९. नारळपाणी ती पीत नाही. लॅब कोणती ते सांगा ना कोणीतरी.

पहाटवारा, ११:३५
सध्या सकाळी किती गारठा आहे बघताय ना. रक्त गार पडलं की पेशींच्या भिंतीवरचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी न फुटताही आकडा वाढतो. नमुना फ्रीजमध्ये ठेवला असेल तर हेच झालं असणार.

नाना_सदाशिव, ११:३८
पुण्याच्या थंडीने ४ चं ७ होत नाही हो. रात्रभर फ्रीजमध्ये राहिला असेल तर गोष्ट वेगळी.

पॅथॉलॉजीवाली, ११:४६
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दादा, लॅब शोधू नका, आईंना जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, आत्ता. तिथे ईसीजी आणि पोटॅशियम दोन्ही लगेच होतं. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे आकडा चुकीचा आहे असं घरी बसून धरून चालायचं नाही. आणि ईसीजी नॉर्मल आला तरी रक्त परत द्याच. पोटॅशियम खरोखर वाढलेलं असूनही ईसीजी साधा दिसू शकतो. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

जाता जाता एवढं सांगा, त्याच रिपोर्टमध्ये कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि एसजीओटी आहे का? आकडे टाका.

सिंहगडरोडकर, ११:५५
कॅल्शियम ५.८, तेही लाल अक्षरात. पण तो हाडांचा विषय, तिचे गुडघे दुखतातच, म्हणून लिहिलं नव्हतं. फॉस्फेटेज १४. एसजीओटी २३. आईला कसंबसं तयार केलंय, निघतोय.

रानवारा, ११:५८
कॅल्शियमसाठी शेवग्याचा पाला आणि नाचणीचं सत्त्व. गोळ्यांपेक्षा कितीतरी चांगलं.

मुग्धा२१, १२:०१
अहो, आत्ता पालेभाज्या भिजवून पाणी टाकायला सांगितलंत आणि लगेच शेवग्याचा पाला? त्यात पोटॅशियम नसतं का? त्या माऊलीला आधी दवाखान्यात पोचू द्या.

पॅथॉलॉजीवाली, १२:१२
हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात. पोटॅशियम खूप वर, कॅल्शियम खूप खाली, फॉस्फेटेज जवळजवळ नाहीसं. कॅल्शियम खरोखर ५.८ असतं तर हातापायाला मुंग्या, बोटं वाकडी होऊन पेटके, असं काहीतरी बहुधा दिसलं असतं. मला दाट शंका आहे की जांभळ्या झाकणाच्या नळीतलं औषध बायोकेमिस्ट्रीच्या नळीत गेलं.

जांभळी नळी सीबीसीची. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. म्हणजे पोटॅशियम बाहेरून भरलं गेलं. ईडीटीएचं कामच मुळी कॅल्शियम धरून ठेवायचं, म्हणून मशीनला कॅल्शियम सापडत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए ओढून घेतं. म्हणून १४.

हे दोन तऱ्हांनी होतं. सिरिंजने रक्त काढून आधी जांभळ्या नळीत घातलं आणि तीच सुई मग बायोकेमिस्ट्रीच्या पिवळ्या नळीला लावली. किंवा पिवळ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं त्यात ओतलं. यासाठीच नळ्यांचा क्रम ठरलेला आहे : निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी राखाडी.

नाना_सदाशिव, १२:२०
डॉक्टरबाई, तुमचा मान राखून सांगतो, पुण्यातल्या घरपोच नमुन्यांत दहापैकी नऊ वेळा हिमोलिसिसच असतं.

पॅथॉलॉजीवाली, १२:२६
नाना, खोटं पोटॅशियम बहुतेकदा हिमोलिसिसनेच वाढतं, हे तुमचं बरोबर आहे. पण पेशी फुटल्या तर त्यांच्या आतली एसजीओटी आणि एलडीएच ही एन्झाइमंही वाढतात, सीरम लालसर दिसतं, आणि आजची मशीनं त्याची नोंद देतात. कॅल्शियम मात्र असं ५.८ वर येत नाही. इथे एसजीओटी २३ आहे. पहाटवारा म्हणतात तो गारठ्याचा परिणामही खरा आहे, पण त्यानेही कॅल्शियम पडत नाही.

स्वरदा_के, १२:४०
थोडं वेगळं विचारते. माझं थायरॉइडचं टीएसएच एकदम कमी आणि फ्री टी४ जास्त आलंय, पण त्रास काहीच नाही. केसांसाठी बायोटिन १० मिलिग्रॅम चालू आहे. हेही नळीचंच असेल का?

मुग्धा२१, १२:४४
स्वरदा, वेगळा धागा काढ ना. इथे एक जण आईला घेऊन कॅज्युअल्टीत आहे.

पॅथॉलॉजीवाली, १२:५२
स्वरदा, नळीचं नाही, पद्धतीचं असू शकतं. हॉर्मोनच्या काही किटांमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी वापरतात. रक्तात बाहेरचं बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस बायोटिन थांबवा आणि मग परत करा. लॅबलाही आधी सांगा.

सिंहगडरोडकर, संध्याकाळी ५:०५
घरी आलो. ईसीजी नॉर्मल. पोटॅशियम ४.४, कॅल्शियम ९.२. ऍडमिट करावं लागलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, डॉक्टरांचे विशेष. सकाळपासून माझे हातपाय गळाले होते.

आता पहिल्या लॅबचा माणूस फोनवर म्हणतो, आमचं मशीन बरोबर आहे. आणि त्या रिपोर्टमधलं बाकीचं खरं धरू की सगळंच परत करू? सीबीसी, एचबीए१सी, लिपिड, लोह, सगळं होतं त्यात.

पॅथॉलॉजीवाली, ५:३०
छान झालं. आईंना नमस्कार सांगा.

मशीन बरोबरच असेल. जे तिच्यात घातलं ते तिने मोजलं. सीबीसी आणि एचबीए१सी जांभळ्या नळीतूनच करतात, ते दोन्ही चालतील. कॅल्शियम आज झालंच. फॉस्फेटेज आणि लोह नव्या नमुन्यावर करा, मॅग्नेशियम असेल तर तेही. लिपिडची घाई नाही, पुढच्या वेळी होईल.

लॅबमध्ये फोनवर वाद घालू नका. दोन्ही रिपोर्ट मेलने पाठवा आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्टच्या नावाने लिहा, रिपोर्टखाली ज्यांची सही आहे त्यांना. त्या सकाळी त्या मुलाने ज्या ज्या घरांतून रक्त घेतलं, ते सगळे नमुने तपासायला सांगा. दुसऱ्या कुणाचं पोटॅशियम खरोखर कमी असेल आणि ईडीटीएमुळे रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसलं असेल, तर त्या घरी कोणाचा फोनसुद्धा जाणार नाही.