अनुभव धागा: महेलिया जॅक्सन ऐकताना, गाताना, साथ करताना

रानजाई (धागाकर्ती):
महेलिया जॅक्सन ही अमेरिकन गॉस्पेल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांची, गायिका. तिची गाणी चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) बसवणारे, तिच्या तबकड्या जमवणारे आणि नुसतेच मन लावून ऐकणारे इथे बरेच जण आहेत. "काय आवाज आहे!" म्हणून आपण थांबतो आणि ते गाणं नेमकं कशावर उभं आहे ते बोलायचं राहून जातं. म्हणून हा धागा. आपापल्या हाताखालून गेलेलं लिहा: कुठलं रेकॉर्डिंग, कुठली लय, हमखास कुठे चुकतं. पहिल्यांदा ऐकल्याच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिणाऱ्यांसाठी: जन्म २६ ऑक्टोबर १९११, न्यू ऑर्लीन्स. जुन्या लेखांत १९१२ सापडतं, ते उचलू नका. मृत्यू २७ जानेवारी १९७२, शिकागोजवळ.

तबकडी७८:
सुरुवात अपोलो या रेकॉर्ड कंपनीच्या काळापासून करा, म्हणजे १९४६ ते १९५४. त्याआधी १९३७ साली डेक्का कंपनीसाठी तिने चार गाणी दिली होती, ती खपली नाहीत. 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' सप्टेंबर १९४७ मध्ये मुद्रित झालं. रचना मेंफिसच्या रेव्हरंड डब्ल्यू. हर्बर्ट ब्रूस्टर यांची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात, म्हणून गाणं दोन बाजूंवर तोडलेलं आहे. संकलन घेताना दोन्ही भाग आहेत ना ते बघा. गाण्याची खरी चढण दुसऱ्या भागात आहे.

मूळ तबकडी (७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, लाखेची) वाजवायची असेल तर एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डची, सुई लावू नका. ती बारीक असते, रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि नुसती खरखर उचलते. ७८ साठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई वेगळी मिळते. डावी-उजवी वाहिनी एकत्र करून मोनो ऐका, निम्मा कचरा तिथेच जातो. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, आणि मधलं लेबल कोरडं. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत वाकतात आणि तडकतात.

अपोलोनंतरच्या कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्ड्सचा आवाज स्वच्छ आहे, पण बऱ्याच ठिकाणी व्हायोलिनं आणि मोठा कोरस इतका पुढे येतो की तिला मागे सरकावं लागतं. माझं मत अपोलोलाच.

खालचा_सा:
क्वायरसाठी 'प्रेशस लॉर्ड' घेणाऱ्यांसाठी. थॉमस डॉर्सी यांनी १९३२ साली बायको आणि नवजात बाळ गेल्यावर ते लिहिलं. हे डॉर्सी आधी गायिका मा रेनी यांच्यासोबत ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं दुःखाच्या सुराचं संगीत) वाजवायचे, आणि पुढे महेलिया त्यांची गाणी चर्चाचर्चांतून गाऊन दाखवायची. ब्लूजचा तो ओलावा काढून टाकलात तर गाणं कोरडं पडतं.

लय १२/८: चार ठोके, प्रत्येकात तीन मात्रा. मेट्रोनोम ५०च्या आसपास. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. आपला हात आपोआप समेवर पडतो, आणि सगळा क्वायर तिथे पडला की गाणं जड होतं. आधी शब्द बाजूला ठेवा: पाय १ आणि ३ वर, टाळी २ आणि ४ वर. ते अंगात मुरलं की मगच ओळी. 'अमेझिंग ग्रेस'चं तिचं जुनं रेकॉर्डिंग मात्र ठेक्यात बसवू नका. ती मोकळ्या लयीची, ओळ लांबवत नेण्याची बाप्टिस्ट परंपरा आहे.

तिचा आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात खालचा. तिच्याच पट्टीत गायला गेलं की बहुतेक बायकांचे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. दोन-तीन स्वर वर घ्या. ओळ संपल्यावरच श्वास, ही शिस्त इथे सोडा. ती शब्द तोडूनही श्वास घेते आणि पुढचा स्वर त्यामुळेच जोरात सुटतो. आवाजातली खरखर घशातून काढली तर दुसऱ्या दिवशी आवाज बसणार. पोटाचा आधार ठेवा, आणि खरखरही एका गाण्यात दोन-तीन जागीच.

डावा_हात:
मिल्ड्रेड फॉल्स हे नाव या धाग्यात यायलाच हवं. वर्षानुवर्षं महेलियाच्या पियानोवर त्याच होत्या. त्यांच्याकडून शिकायची पहिली गोष्ट म्हणजे गाण्याची चाल वाजवायची नाही. चाल गायिकेची, आपण तिच्या ओळींमधल्या जागा भरायच्या.

सी मेजरमध्ये कॉर्डची नेहमीची वाट: सी, सी सेव्हन, एफ, एफ शार्प डिमिनिश्ड, सी (बेसला जी), ए सेव्हन, डी सेव्हन, जी सेव्हन, सी. एफ ते जी हा बेस अर्ध्या-अर्ध्या स्वराने चढतो. ती चढण गाळली की साथ सपाट होते. उजव्या हाताने तीन-तीनचे गट, पण गायिका लांब स्वरावर असेल तेव्हाच.

जुनीपानं:
२८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, नागरी हक्कांचा मोर्चा, मार्टिन ल्यूथर किंग यांचं 'माझं एक स्वप्न आहे' हे भाषण. महेलिया गाऊन बसल्या आणि लगेच किंग उठले, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. मध्ये रब्बी योआखिम प्रिन्झ यांचं भाषण झालं. किंग बोलत असताना महेलियांनी मागून "स्वप्नाचं सांग, मार्टिन" अशी हाक दिली, असं किंग यांचे सहकारी क्लॅरन्स जोन्स यांनी सांगितलं आहे. निवेदनात ते जोन्स यांच्या नावानेच द्यावं. स्वप्नाचा तो मुद्दा किंग यांनी त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटच्या भाषणात घेतला होता, त्यामुळे "तिथेच सुचलं" असं लिहू नये.

१९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत महेलियांनी 'प्रेशस लॉर्ड' गायलं. १९७२ मध्ये शिकागोला महेलियांच्या अंत्यविधीत तेच गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी. मधल्या काळात, १९७१ साली त्या भारतात आल्या होत्या: कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि आपली मुंबई.

रानजाई:
@डावा_हात, पियानो नसेल तर हार्मोनियमवर जमेल का?

डावा_हात:
जमेल, पण एक हात भात्यावर अडकतो आणि बेस सुटतो. खालचा बेस दुसऱ्या कुणाला तरी छोट्या कीबोर्डवर द्या. पेटीवर कॉर्डचे वरचे तीन स्वर धरा आणि भाता सावकाश. दर ठोक्याला हिसका बसला की १२/८ तुटतं.