गाडी नाही, पुण्याचे पाहुणे येताहेत: ताडोबा, रामटेक, सेवाग्राम जमेल का?

बर्डीची_बाई: बहीण, भाऊजी आणि त्यांची दोन पोरं पुण्याहून अजनी वंदे भारतने नागपूरला आमच्याकडे येताहेत. सोबत माझी आई, वय ७२. आमच्याकडे कार नाही. दोन दिवस, सगळं मिळून ८,००० रुपये. रेल्वे-एसटीने काय काय होईल?

समृद्धीवाला: ताई, सरळ मोठी गाडी करा. मी सात सीटर घेतली, समृद्धीवर नुसती तरंगते. सकाळी निघालो की जेवण शिर्डीत.

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, समृद्धी मुंबईकडे जाते, रामटेक जबलपूर रोडकडे. शिर्डी कोणं विचारली बे?

समृद्धीवाला: ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला तर वापरायचा नाही का?

पेन्शनर_महाल: इतवारीहून नागभीडला छोटी लाईन होती. ब्रॉडगेज करायला २०१९ मध्ये बंद केली. ती मोठी होऊन पुन्हा सुरू झाली, की उमरेडला उतरा, कऱ्हांडला अभयारण्य करा. भिवापूरला उतरलात तर ताडोब्याचं कोलारा गेट त्याच अंगाला. वंदे भारत पुणेकराला अजनीत आणून सोडते, पुढे तो काय पायी जाईल?

परतवाडेकर: आमच्या शकुंतलेनं, छोट्या लाईनच्या गाडीनं, काय घोडं मारलं? मूर्तिजापूर-अचलपूर मोठी करा, चिखलदऱ्याला मुंबईचे लोक येतील.

वऱ्हाडी_ठेचा: धागा ताईंचा आहे जी, रेल्वेमंत्र्यांचा नाही.

हुकलेली_सफारी: कोलारा गेटचं बुकिंग करून मी चंद्रपूरला उतरलो. अकलेचा कांदा! चंद्रपूरहून मोहर्ली जवळ, कोलारा पार चिमूरकडे. टॅक्सीवाल्यानं मागितले तेवढे दिले, तरी सकाळची फेरी गेलीच. आधी गेट पक्कं करा, मग रेल्वेचं तिकीट. मंगळवारी बंद असतं. जिप्सीत सहाच पर्यटक, तुम्ही धरून मोजा. आणि जिप्सीच बजेट खाऊन टाकेल.

खादी_आणि_खिचडी: सेवाग्राम सोपं आहे. वर्धा आणि सेवाग्राम ही वेगळी स्टेशनं. मुंबई लाईनच्या गाड्या वर्ध्याला, चंद्रपूरकडच्या सेवाग्रामला. कुठंही उतरा, आश्रमापर्यंत ऑटो मिळतो. बापूकुटीत पोरं अर्ध्या तासात कंटाळतील, पवनारला धाम नदीवर न्या.

समृद्धीवाला: सेवाग्रामलाही समृद्धीवरून जाता येते बघा.

सावजी_रस्सा: ताडोबा मंगळवारी बंद असते, कोणी सांगितलं नाही वाटतं.

हुकलेली_सफारी: 🙏

रामटेकचा_जावई: इतवारीहून रामटेकची मेमू आहे, पण फेऱ्या मोजक्या, आणि स्टेशनपासून गड लांब. सासरी जाताना एकदा परतीची हुकली. सासऱ्यांना वाटलं, मुद्दाम राहिला. गणेशपेठहून एसटी घ्या. आई पायऱ्या चढणार नाहीत, वर रस्ता आहे, ऑटो तिथवर न्यायला सांगा. खिंडसी तलाव त्याच ऑटोत होऊन जातो.

पेन्शनर_महाल: बघा, रेल्वे असून लोक एसटी सांगून राहिले. गाडीच्या वेळेला स्टेशनवर एक बस उभी करायला कोणाचं काय जाते?

बर्डीची_बाई: सगळ्यांचे आभार. ठरलं. ताडोबा नाही, सेवाग्रामही पुढच्या खेपेला. पोरांना गोरेवाड्यात सफारीच्या बसमधून वाघ दाखवू. रामटेकला मेमूनेच जाऊ, जावईबापू रागावू नका. आईला खिडकी हवी आहे. कन्हानच्या पुलावरून नदीत नाणं टाकायचं म्हणते, एसटीतून काच उघडत नाही म्हणे. येताना एसटीने येऊ.

समृद्धीवाला: म्हणजे गाडी नाहीच?

सावजी_रस्सा: ठीक. मंगळवार सोडून जा मात्र.