शब्दचर्चा : 'खुली' पुंज प्रणाली, तिचे 'मापन' आणि तिचे 'नियंत्रण'

विचारणा

एका विज्ञानविषयक मासिकासाठी मी लेख लिहीत आहे. भोवतालापासून पूर्णपणे अलग न राहणाऱ्या पुंज प्रणालींची, म्हणजे क्वांटम नियमांनी चालणाऱ्या प्रणालींची, अवस्था काळानुसार कशी बदलते, तो बदल कसा टिपतात आणि त्याला हवे तसे वळण कसे देतात, हा त्याचा विषय आहे. शीर्षकासाठी 'खुल्या पुंज प्रणालींच्या गतिकीचे मापन व नियंत्रण' असे शब्द योजले आहेत. व्याकरणात काही चूक दिसत नाही, तरी यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वाचकाला भलतीकडे नेईल अशी शंका वाटते. 'खुली' म्हटले की झाकण नसलेले भांडे डोळ्यांपुढे येते, लेखात भोवतालासाठी येणारा 'पर्यावरण' हा शब्द वाचला की झाडे आणि प्रदूषण आठवते, आणि प्रणालीला फारसा धक्का न लावता थोडीच माहिती घेण्यासाठीचा 'दुर्बल मापन' हा शब्दप्रयोग तर मोजमापात काही उणीव राहिल्यासारखा वाटतो. जाणकारांनी कृपया सविस्तर मत द्यावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे, आणि 'खुली' या शब्दाची अडचण आपण म्हणता त्याहून खोल आहे. ऊष्मागतिकीत आपण तीन प्रकार शिकतो : द्रव्य आणि ऊर्जा या दोहोंची देवघेव करणारी ती खुली, फक्त ऊर्जेची देवघेव करणारी ती बंद, आणि काहीच देवघेव न करणारी ती विलग. पुंजयामिकीत मात्र 'बंद' याचा अर्थ व्यवहारात 'विलग' असाच घेतला जातो आणि भोवतालाशी ज्या प्रणालीचा कसलाही संबंध येतो ती 'खुली' ठरते. एकही कण बाहेर गेला नाही आणि ऊर्जाही कमी झाली नाही, तरी प्रणालीच्या अवस्थेविषयीची माहिती भोवतालात उमटली एवढ्यानेच तिची कलासंगती, म्हणजे तिच्या अवस्थेच्या घटकांमधला तरंगांसारखा ठरलेला मेळ, नष्ट होऊ शकते. ज्या वाचकाने शाळा-महाविद्यालयात पहिला अर्थ पक्का केला आहे, त्याला हा दुसरा अर्थ 'खुली' या शब्दातून कळणार नाही.

स्वनशास्त्रातली 'संवृत-विवृत' ही जोडी तयार आहे आणि व्याख्येपुरती ती मला चालेल, पण वाहत्या गद्यात मी सरळ 'भोवतालाशी गुंतलेली प्रणाली' असे लिहीन. दोन पुंज प्रणालींचा स्वतंत्र विचार करता येऊ नये अशा संबंधाला आपण मराठीत 'गुंतणे' म्हणू लागलो आहोत, आणि कलासंगतीचा ऱ्हास होतो तो नेमका प्रणाली भोवतालाशी अशी गुंतत गेल्यामुळेच. म्हणजे इथे बोलीतला शब्द आणि शास्त्रातला अर्थ आपोआप एका जागी आले आहेत, आणि अशी संधी सोडू नये असे मला मनापासून वाटते. 'पर्यावरण' टाळून 'भोवताल' लिहावे, कारण तो कोणत्याही विभक्तीत सहज चालतो. 'पुंज' की 'क्वांटम' हा वाद मी इथे उकरत नाही. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे दुसरा शब्द वृत्तपत्रांत रुळला आहे आणि दोन्ही चालू द्यावेत.

'गतिकी' ठेवावा, फक्त एकदा स्पष्ट करावे की येथे वस्तू जागा बदलत नसून अवस्था बदलत आहे. या बदलासाठी 'उत्क्रांती' कृपया वापरू नये, कारण त्या शब्दावर जीवशास्त्राचा हक्क आता फार पक्का झाला आहे. या गतिकीचे जे समीकरण सर्वत्र वापरले जाते ते १९७६ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडले गेले : एकीकडे लिंडब्लाड यांनी, दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन या तिघांनी. पुष्कळदा त्याला केवळ लिंडब्लाड यांचे नाव दिले जाते. ज्या सुदर्शन यांच्या संशोधनाची सुरुवात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली, त्यांचे नाव निदान मराठी लेखात तरी गाळले जाऊ नये.

दुसरा प्रतिसाद

वरील बहुतेक मतांशी मी सहमत आहे, परंतु खरा पेच 'मापन' या शब्दात आहे आणि त्याला अजून कोणी हात घातलेला नाही. आपण पायलीने धान्य मोजतो, सरकारी मोजणीदार जमीन मोजतो. या सगळ्या मोजण्यात वस्तू आधीपासून ठरलेली असते आणि मोजल्याने ती बदलत नाही. पुंज प्रणालीत हे दोन्ही गृहीतक टिकत नाहीत. मिश्रा आणि सुदर्शन यांनी १९७७ साली दाखवले की अस्थिर प्रणालीकडे पुन्हा पुन्हा, अतिशय थोड्या अंतराने पाहत राहिले तर तिचा क्षयच थोपवता येतो. याला झेनो परिणाम म्हणतात. इथे पाहणे हीच नियंत्रणाची कृती झाली, आणि 'मापन व नियंत्रण' यांतला 'व' हे अव्यय त्या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचा आभास निर्माण करते.

मराठीत यासाठी एक जुना शब्द आहे, तो म्हणजे 'वेध'. वेधशाळेत ग्रहताऱ्यांचा वेध घेतात तेव्हा त्याचा अर्थ निरीक्षण असा होतो, आणि कर्णवेधात तोच शब्द टोचण्याचा, आरपार जाण्याचा अर्थ सांगतो. पाहणे आणि पाहताना वस्तूला भेदणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावलेले असताना आपण पायलीची भाषा का वापरावी? 'दुर्बल मापन' याऐवजी 'अल्पवेध' म्हटले तर माहितीही थोडी मिळते आणि धक्काही थोडाच बसतो, हे दोन्ही एकदम सूचित होते. काही जण 'सौम्य मापन' सुचवतात. तो शब्द गोड आहे, पण त्यात मिळणारी माहितीही तुटपुंजी असते ही किंमत झाकली जाते.

पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियर येथे सर्ज हरोश यांच्या गटाने २०११ साली केलेला प्रयोग या शब्दाने सांगून पाहावा. अतिशीत, अतिवाहक (विद्युतरोध नाहीसा झालेल्या) नायोबियम धातूच्या दोन आरशांमधल्या पोकळीत सूक्ष्मतरंगांचे मोजके फोटॉन, म्हणजे प्रारणाचे कण, कोंडलेले असतात. या गटाच्या अशा पोकळीत फोटॉन सरासरी सुमारे ०.१३ सेकंदांपर्यंत टिकू शकतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो जवळजवळ पृथ्वीच्या परिघाइतके अंतर कापतो. रुबिडियमचे अणू एकामागून एक त्या पोकळीतून जातात आणि प्रत्येक अणू फोटॉनसंख्येचा एक अल्पवेध घेऊन बाहेर पडतो. त्या तुटक माहितीवरून संगणक त्या क्षणीच्या अवस्थेचा अंदाज बांधतो, आणि एखादा फोटॉन निसटला आहे असे दिसताच बाहेरून सूक्ष्मतरंगांचे नेमके स्पंद सोडून संख्या पूर्ववत करतो. हरोश यांना डेव्हिड वाइनलँड यांच्यासह २०१२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते एकेकट्या पुंज प्रणालींचा असा वेध घेण्याच्या आणि त्यांना हाताळण्याच्या पद्धतींसाठी.

माहिती परत आणून कृती करण्याच्या या फेऱ्याला काही जण 'पुनर्भरण' म्हणतात. महाराष्ट्रात विहीर पुनर्भरण आणि भूजल पुनर्भरण या योजनांनी तो शब्द पाण्याच्या नावावर केला आहे, म्हणून येथे 'प्रत्याभरण' वापरावा. मात्र सर्वच नियंत्रणात प्रत्याभरण असते असे नाही. १९५० साली हान यांनी शोधलेल्या फिरक-प्रतिध्वनीत (स्पिन इको) कोणताही वेध न घेता, केवळ ठरल्या वेळी दिलेल्या स्पंदाने अणुकेंद्रांच्या फिरकींच्या विस्कटलेल्या कला पुन्हा जुळवल्या जातात. तेथे 'नियंत्रण' हाच शब्द पुरेसा आहे.

पहिल्या प्रतिसादकाकडून

'वेध' हा शब्द मला पटला, तरी एक आक्षेप नोंदवतो. ग्रहणाचे वेध लागतात तेव्हा त्याचा अर्थ पूर्वसूचना असा होतो, आणि वाचकाच्या मनात हा अर्थ निरीक्षणाच्या अर्थाइतकाच जागा असतो. आता 'पुंज-उडी'चा, म्हणजे अणूच्या एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर जाण्याचा, विचार करावा. बोर यांच्या १९१३च्या सिद्धांतापासून ही उडी तत्क्षणी आणि पूर्वसूचनेविना होते असे मानण्याची सवय जडली होती. येल विद्यापीठात मिशेल देव्होरे यांच्या प्रयोगशाळेतून २०१९ साली आलेल्या निष्कर्षांनी हे चित्र बदलले. अतिवाहक परिपथाच्या कृत्रिम अणूवर सतत नजर ठेवली असता, नेहमी येत राहणारे संकेत थांबल्याच्या शांततेवरून उडी सुरू झाल्याचे कळत होते, ती पूर्ण व्हायला काही मायक्रोसेकंद लागत होते, आणि तेवढ्यात नेमका स्पंद देऊन ती अर्ध्या वाटेवरून परतवताही आली. प्रत्येक उडी कधी सुरू होईल हे दीर्घकाळ आधी सांगता येत नाही, पण एकदा सुरू झाल्यावर तिचा मार्ग दर वेळी सारखाच राहतो. माझा आक्षेप इथेच सैल पडतो, कारण या प्रयोगात उडीचा वेध घेतला जातो आणि उडीचे वेधही लागतात. तरीही दोन्ही अर्थ एका परिच्छेदात आणू नयेत, एवढी विनंती आहे.

मूळ विचारणा करणारीकडून

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शीर्षकात 'मापन' ठेवणार आहे, कारण पाठ्यपुस्तकांतून येणारा विद्यार्थी तोच शब्द शोधत येईल. लेखात मात्र पहिल्याच पानावर पायलीचे आणि वेधशाळेचे उदाहरण शेजारी शेजारी देऊन पुढे सर्वत्र 'वेध', 'अल्पवेध' आणि 'प्रत्याभरण' हे शब्द वापरीन. 'खुल्या' हा शब्द मी काढला आहे. शीर्षक आता असे आहे : 'भोवतालाशी गुंतलेल्या पुंज प्रणाली : गतिकी, मापन, नियंत्रण'. 'व' हे अव्ययही त्यामुळे गळले.