दंडाने फाटक मोकळं होत नाही

‘राज्यांनी जबर दंड ठोकला की अमेरिकेतल्या मालगाड्या फाटकं अडवून उभ्या राहणार नाहीत’ हे मत पटलं नाही. ओहायो राज्याने तेच करून पाहिलं. पाच मिनिटांहून जास्त फाटक अडवलं तर गुन्हा, असा कायदा होता. २०२२ मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्रीय कायद्यापुढे टिकत नाही म्हटलं; जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

फाटकावर सिग्नल कोणता, पूल हवा का, यात राज्यांना अधिकार आहेत (कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक सुविधा आयोग ते वापरतो). पण गाडी किती वेळ उभी राहावी, याला केंद्राचीही मर्यादा नाही. पलीकडे अँब्युलन्स खोळंबते, तेव्हा जाब विचारायचा कुणाला? ही मर्यादा काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, घालायला हवी.