रोहयोच्या कामावर दिवसातून दोनदा फोटो: ही हजेरी की पाळत?

मेळघाटवाला:
रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. सकाळी एक फोटो, दुपारी एक. आता धारणी-चिखलदऱ्याकडचा मोहाचा हंगाम आठवा. कोरकू बाया अंधारात उठून मोहफुलं वेचतात, तिथून कामावर येतात. मजुरी मोजमापावर, म्हणून पूर्वी वाट्याची माती खोदून झाली की बाई मोकळी व्हायची. आता खोदकाम लवकर आटोपलं तरी दुपारच्या फोटोसाठी उन्हात थांबायचं, नाहीतर घाम गाळूनही हजेरी बुडायची भीती. मजुरी १५ दिवसांत द्या, असं मनरेगा म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात लिहिलं होतं. ती ज्या टेबलावर अडते तिथं कोणी फोटो काढतं का? पाळत फक्त सगळ्यांत खालच्या माणसावर का?

वरूडचा शेतकरी:
भाऊ, जुने मस्टर इसरले काय? मेलेल्या मानसाची हजेरी लागे, पुढाऱ्याच्या घरच्याईच्या नावानं पैसे निघत, अन् काम रातच्याले जेसीबी करे. खरा मजूर कामासाठी हिंडत राहे. फोटोनं थे बंद होत असन तर होऊ द्या ना!

मेळघाटवाला:
बंद कुठं झालं? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून मान्य केलं की फोटोचाच फोटो काढून चढवतात, कामाशी संबंध नसलेले फोटो टाकतात. चोरांना वाट सापडली. अडकली ती रेंज नसलेल्या गावातली बाई.

रोजगारसेवक, गडचिरोली जिल्हा:
ॲप सरसकट वाईट म्हणू नका. बोगस नावं लिहायचा दबाव आमच्यावरच यायचा. आता 'फोटोत माणूस लागतो' म्हणून नकार तरी देता येतो. पण फोटो चढला नाही की बाया माझ्याच दारात येतात, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

शिक्षिका, पुसद:
आपल्या राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, मनरेगाच्या कितीतरी आधीचा. मनरेगानंही सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची गावानंच करायची तपासणी, ग्रामसभेकडे दिलं होतं. मस्टरचं चावडीवाचन करा. खोटं नाव कानावर पडलं की गाव लगेच ओळखतं. ॲपमध्ये आपली हजेरी लागली की नाही, हे त्या बाईला कळतसुद्धा नाही.

वरूडचा शेतकरी:
ताई, पुढारी समोर बसला असताना बोलन कोन? उद्या त्याच्याच वावरात निंदाले जा लागते.

मेळघाटवाला:
हे मात्र खरं आहे. म्हणून वाचनाला तालुक्याचा अधिकारी हजर हवाच. आणि त्याच्या हजेरीचा फोटो त्याच ॲपवर चढू द्या.